गेमच्या पैशामुळे खातं अडलं? कोणत्या क्रमाने काय करायचं

फोन बहुतेक रात्री नऊनंतर येतो. "दादा, फोनपे फेल होऊ राहिलं. पैसे दिसू राहिले, पण निघत नाही." थोडं खोदून विचारलं की कळतं, क्रिकेटच्या ॲपवरून नाहीतर तीनपत्तीतून काही हजार आले होते आणि नंतर खातं अडलं. भुसावळात आयकराची विवरणपत्रं भरून देणं हा माझा धंदा. पण रावेर, चोपडा, अमळनेर, शिरपूर अशा सगळ्या बाजूंनी ही प्रकरणं माझ्या टेबलावर येतात, आणि प्रत्येकाची चूक तीच. आधी ॲप उडवतात. मग दुसऱ्या खात्यात असतील ते पैसे काढून घेतात. मग शाखेत "मित्राने उसने परत केले" असं लेखी देतात. मग कुण्या एजंटाला पाच हजार मोजतात. कागद शोधायची आठवण सगळ्यात शेवटी होते. खरं तर कागदापासूनच सुरुवात करायची असते.

कायद्याचं एवढं पुरे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्यात उरलेला नाही. बँकांना आणि पेमेंट कंपन्यांनाही असे व्यवहार करून द्यायला मनाई आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही. चालवणाऱ्याला आहे, जाहिरात करणाऱ्याला आहे, आणि पैशाची वाट करून देणाऱ्यालाही आहे. यातला तिसरा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

बँकेला नेमकं काय खटकतं

तुम्ही कोणत्या संघावर पैसे लावले याच्याशी बँकेला घेणं नसतं. पैसा कुणाकडून आला आणि कुणाकडे गेला, एवढंच तिला बघायचं असतं.

चोरट्या ॲपवर पैसे भरताना समोर येणारा यूपीआय आयडी आठवून बघा. आज कुठलं तरी "ट्रेडर्स", उद्या कुठलं "किराणा", परवा एखाद्या बाईचं नाव. जिंकल्यावर पैसे येतात तेही चौथ्याच माणसाच्या खात्यातून. ही खाती बहुतेक भाड्याने घेतलेली असतात, आणि त्याच खात्यांत दुसरीकडून फसवणुकीचे पैसेही येत असतात. समजा, सुरतेतल्या एका म्हाताऱ्याला कुणी फसवलं. त्याने १९३० या सायबर तक्रारीच्या सरकारी क्रमांकावर फोन केला. मग तक्रार त्या पैशाच्या मागे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. तुमचे आठ हजार त्या साखळीतल्या तिसऱ्या खात्यातून आले असतील, तर चौथं खातं तुमचं. तुम्ही म्हाताऱ्याला फसवलं नाही हे खरं, पण त्याचा पैसा तुमच्याकडे आला हेही खरं.

तक्रार नसतानाही बँकेची यंत्रणा स्वतःहून काही गोष्टी टिपते. रात्री बारा ते तीनमध्ये पाचशे-हजाराचे दहा-दहा व्यवहार, दर वेळी नवा माणूस. पैसे आले की पाच मिनिटांत बाहेर, शिल्लक कायम शून्याजवळ. खातं उघडताना धंदा "विद्यार्थी" लिहिलेला आणि वर्षाची उलाढाल सहा लाख. भाड्याची खाती हुडकायला रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने "म्यूलहंटर" नावाची प्रणालीच तयार केली आहे. संशय पक्का झाला तर बँक दिल्लीच्या आर्थिक गुप्तवार्ता कक्षाला अहवाल पाठवते. त्याला रकमेची मर्यादा नसते, आणि अहवाल पाठवल्याचं ग्राहकाला सांगायची बँकेला बंदी असते. म्हणून "मला का सांगत नाही" यावर काउंटरवरच्या मॅडमशी भांडून उपयोग नाही. त्यांना सांगताच येत नाही.

टप्पा १: हात थांबवा

पहिला दिवस काहीच न करण्याचा आहे. ॲप काढू नका, एसएमएस पुसू नका, टेलिग्रामवरचा ग्रुप सोडू नका. ॲपमधलं जमा-खर्चाचं पान, तुमचा आयडी आणि पैसे भरायला दिलेले यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या. तारीख आणि वेळ दिसू द्या. ही ॲप रातोरात पत्ता बदलतात. उद्या ते पान उघडेलच असं नाही.

दुसऱ्या बँकेतलं खातंही घाईने रिकामं करू नका. घरखर्चाला लागेल तेवढं काढा, तेवढंच. अडवल्याच्या दुसऱ्याच दिवशी बायकोच्या नावावर चाळीस हजार गेलेले दिसले, की निरपराध माणूससुद्धा चोर दिसतो. वरून तिचं खातंही साखळीत येतं.

सावध: याच दिवसांत "खातं खुलं करून देतो" म्हणणारा भेटतो. कधी व्हॉट्सॲपवर, कधी कोर्टाच्या आवारात. ओटीपी, एटीएम कार्ड किंवा स्क्रीन शेअर मागितलं की तो कोण, हे वेगळं सांगायला नको.

टप्पा २: अडवलं कुणी ते काढा

निम्मी माणसं इथेच चुकतात. "खातं बंद झालं" हे वाक्य चार वेगळ्या गोष्टींना वापरतात:

- लीन किंवा होल्ड: ठरावीक रकमेवर निशाणी असते, बाकी पैसे वापरता येतात. आठ हजारांचा लीन असेल आणि खात्यात सहाच असतील, तर सगळंच अडल्यासारखं वाटतं.
- डेबिट फ्रीझ: पैसे येतात, निघत नाहीत.
- पूर्ण फ्रीझ: येणंही बंद, जाणंही बंद.
- केवायसी थकलेली: याचा गेमशी संबंध नसतोही. आधार, पॅन, फोटो दिला की काम होतं.

अडवणारेही वेगळे असतात: बँक स्वतः, पोलीस, आयकर खातं किंवा न्यायालय. बँकेने अडवलं असेल तर उत्तर बँकेला द्यायचं. पोलिसांनी अडवलं असेल तर शाखाधिकाऱ्याच्या हातात काही नसतं, मग तो तुमचा मामा का असेना. गेमच्या पैशात बहुतेक वेळा पोलीस निघतात, तेही दुसऱ्या राज्यातले.

शाखेत जाताना हा अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर पोच घ्या:

> प्रति, शाखाधिकारी.
> विषय: माझ्या बचत खात्यावरील निर्बंधाबाबत माहिती मिळणेबाबत.
> महोदय, माझ्या खात्यातून दि. ___ पासून रक्कम निघत नाही. कृपया पुढील माहिती लेखी किंवा ईमेलने द्यावी: १) निर्बंधाचा प्रकार व रक्कम, २) आदेश देणारे कार्यालय, राज्य व ईमेल, ३) सायबर तक्रारीचा पोच क्रमांक, ४) ज्या व्यवहारामुळे निर्बंध आला त्याची तारीख, रक्कम व संदर्भ क्रमांक.

शाखेला माहीत नसेल तर ती मुख्य कार्यालयाला विचारते. त्याला दोन-चार दिवस लागतात. तोंडी उत्तरावर परत येऊ नका. पारोळ्याच्या एका दुकानदाराला "गुजरात पोलीस" असं तोंडी सांगितलं गेलं. तो सुरतेला जाऊन आला. लेखी उत्तर आलं तेव्हा तक्रार तेलंगणातली निघाली.

तपासा: पोच क्रमांक, पोलीस ठाणं, रक्कम आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. चारही मिळाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३: उतारा आणि तक्ता

खात्याचा उतारा पहिल्या गेमच्या व्यवहाराआधी एक महिना ते आजपर्यंत असा काढा. शिक्क्यासह छापील एक, पीडीएफ एक. नेमका महिना आठवत नसेल तर सरळ वर्षाचा घ्या.

मग वहीत नाहीतर एक्सेलमध्ये सात रकाने आखा: तारीख आणि वेळ, रक्कम, आले की गेले, बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक, समोरच्याचं नाव, कोणतं ॲप, शेरा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात दोन संध्याकाळी जातात. पण पुढे पोलीस असोत, बँक असो की आयकर, तिन्ही ठिकाणी हाच कागद चालतो. रकमा गोल करू नका. ४,९५० आले असतील तर ४,९५० च लिहा. विसरलेला व्यवहार "आठवत नाही" म्हणून नोंदवा, गाळू नका. उतारा त्यांच्याकडेही असतो.

तक्त्यात तीन रंग वापरा: गेमचे एक, घरचे-शेतीचे-पगाराचे दुसरे, न ओळखलेले तिसरे. आपल्याकडे गोंधळ इथेच होतो. केळीचा पैसा, कापसाचा पैसा, दुधाचं बिल आणि रमीचे चारशे, सगळं एकाच खात्यात. रावेर-यावलकडे केळीचे लाख-दोन लाख एकदम येतात. बँकेच्या यंत्रणेला व्यापाऱ्याचा पैसा आणि गेमवाल्याचा पैसा सारखाच दिसतो. म्हणून शेतीच्या प्रत्येक मोठ्या जमेसमोर कागद लावा: व्यापाऱ्याची पट्टी, बाजार समितीची हिशेब पट्टी, जिनिंगची काटा पावती, दूध संघाचा उतारा. सातबारा सोबत ठेवा. पीकपेरा असलेला उत्तम, कारण सातबाऱ्यावर ज्वारी आणि पट्टी केळीची असेल तर प्रश्न वाढतात.

रोख भरणा वेगळा लिहा. "पन्नास हजारांच्या आत भरलं की कुणी विचारत नाही" म्हणून ४९,००० चे तीन भरणे तीन दिवसांत करणारे लोक आहेत. पन्नास हजारांचा आकडा पॅनच्या अटीतून आला. त्याखाली कुणी बघत नाही असा तिचा अर्थ नाही. उलट तुकडे करणं हीच संशयाची खूण. शिवाय बचत खात्यांत वर्षभरात दहा लाख किंवा जास्त रोख भरली गेली, की बँक ते आयकर खात्याला कळवते.

टप्पा ४: वादग्रस्त नोंद शोधा, मग लिहा

बँकेने दिलेला संदर्भ क्रमांक तक्त्यात शोधा. सापडला की त्याच्या अलीकडे-पलीकडे एक-दोन दिवस बघा: तुम्ही ॲपमध्ये किती भरले होते, ॲपमध्ये पैसे काढण्याची विनंती कधी टाकली, पैसे किती मिनिटांनी आले. विनंती आणि जमा यांची रक्कम-वेळ जुळली, तर पैसे देणाऱ्याला तुम्ही ओळखत नाही हे सांगायला तुमच्याकडे पुरावा आहे.

आता जबाब. बँकेने विचारलं असेल तर बँकेला, पोलिसांचं असेल तर पोलिसांना. एक पान पुरे: मी कोण, काय करतो, अमुक ॲपवर अमुक काळात खेळलो, एकूण इतके भरले, इतके काढले, वादग्रस्त रक्कम या विनंतीपोटी आली, पाठवणाऱ्याशी माझी ओळख नाही, खातं-कार्ड-सिम कुणाला दिलेलं नाही. सोबत तक्ता आणि स्क्रीनशॉट.

शेवटचं विधान खरं नसेल, तर इथेच थांबा आणि वकिलाकडे जा. खातं किंवा सिम कुणाला "दोन टक्क्यांवर" दिलं असेल तर तुम्ही खेळणारे उरत नाही, पैशाची वाट करून देणारे ठरू शकता. त्यात या लेखाचा उपयोग नाही.

सर्रास होणारी चूक: "उसने", "मोबाइल विकला", "ट्रॅक्टरचं भाडं". लाजेपोटी माणूस हे लिहितो. आप्पांना कळू नये, एवढाच हेतू असतो. पण पैसे पाठवणारा कुठल्या तरी परराज्यातला अनोळखी मुलगा. त्याने तुमचा ट्रॅक्टर कुठे आणि कधी लावला? एक खोटं पकडलं गेलं की बाकीची खरी पानंही कुणी वाचत नाही.

टप्पा ५: पोलिसांशी पत्रव्यवहार

लगेच गाडी पकडू नका. आधी ईमेल करा. विषयाच्या ओळीत पोच क्रमांक, खात्याचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम. सोबत एक पानी जबाब, तक्ता, उतारा, आधार-पॅनची प्रत. हिंदी किंवा इंग्रजीत लिहा, तिकडे मराठी वाचणारा असेलच असं नाही. ईमेलची प्रत बँकेलाही टाका.

मागणी दोन भागांत करा. पहिली: संपूर्ण खातं अडवलं असेल तर निर्बंध वादग्रस्त रकमेपुरता ठेवावा. आठ हजारांसाठी दीड लाख अडकवून ठेवू नका, हे म्हणणं रास्त आहे, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत निर्बंध आदेशातल्या रकमेपुरता ठेवायला सांगितलं होतं. दुसरी: ती रक्कम तक्रारदाराला परत जायला तुमची हरकत आहे की नाही, ते स्पष्ट लिहा. रक्कम लहान असेल तर बहुतेक जण हरकत नाही म्हणून मोकळे होतात, आणि माझ्या मते ते शहाणपणाचं आहे. मात्र परत करायची ती बँकेच्या किंवा न्यायालयाच्या मार्गानेच. "तक्रारदार बोलतोय, मला थेट पाठवा, तक्रार मागे घेतो" असा फोन आला तर पैसे पाठवू नका. पाठवले तरी निशाणी जागच्या जागीच राहते.

उत्तर नाही आलं तर आठवड्याने स्मरणपत्र, मग जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या सायबर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. दुसऱ्या राज्याचा आदेश ते उठवू शकत नाहीत, पण संपर्क कुठे साधायचा ते सांगू शकतात. तरीही हललं नाही, तर वकिलामार्फत संबंधित दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. याच संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची, नोटीस तुमच्या नावाने आली, तर मात्र तारीख चुकवायची नाही आणि वकिलाशिवाय जायचं नाही.

निर्बंध बँकेने स्वतः लावलाय आणि लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटत नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८. पोलिसांनी लावलेला निर्बंध तो उठवत नाही. ही गल्लत करून लोक महिने घालवतात.

दरम्यान घर कसं चालवायचं: डेबिट फ्रीझमध्ये पगार आणि पीएम किसानचा हप्ता खात्यात येऊन अडकत जातो. मालकाला सांगून पगार दुसऱ्या खात्यात वळवा. सरकारी अनुदानासाठी दुसऱ्या बँकेत किंवा पोस्टाच्या बँकेत आधार जोडून घ्या. हे उघडपणे करा, जबाबातही लिहा. त्या नव्या खात्यातून पुन्हा गेम खेळलात तर मला फोन करू नका.

टप्पा ६: आयकराची बाजू

जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही व्यवस्था आहे. एकूण उत्पन्न कमी असलं तरी या रकमेला करमुक्त मर्यादेचा आधार नाही. हिशेब सोपा आहे. वर्षात ४०,००० भरले, ६५,००० काढले, सुरुवातीला आणि शेवटी ॲपमध्ये काही नाही: निव्वळ २५,०००. ॲपने कायद्याने कापायचे ७,५००. तुमचा एकूण कर ७,८००, म्हणजे ३०० तुम्ही भरायचे. चोरट्या ॲपने काहीच कापलं नसेल तर सगळे ७,८०० तुमचे.

इथे तीन चुका नेहमीच्या. एका ॲपवरचा तोटा दुसऱ्यावरच्या जिंकलेल्यातून वजा करतात, तसं चालत नाही. आयटीआर-१ किंवा दुकानदार असेल तर आयटीआर-४ भरतात. या उत्पन्नाला आयटीआर-२ लागतो, धंदा असेल तर आयटीआर-३. आणि २६एएस व एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडे असलेले तुमच्या कापलेल्या कराचे आणि व्यवहारांचे उतारे, न उघडताच विवरणपत्र टाकतात. कंपनीने कापलेला कर तिथे दिसत असतो, तो तुमच्या विवरणपत्रात नसला की नोटीस ठरलेली. मागच्या वर्षाचं राहिलं असेल तर जादा कर भरून अद्ययावत विवरणपत्र भरता येतं. ते पोलिसांना जबाब पाठवण्याच्या आसपासच उरकून घ्या, म्हणजे दोन्हीकडचे आकडे जुळतील.

तपासा: "पैसे काढण्याआधी ३० टक्के कर भरा" असं ॲप म्हणत असेल तर ती फसवणूक आहे. खरा कर देय रकमेतून कापला जातो, वर आगाऊ मागितला जात नाही. नंदुरबारच्या एका शिक्षकाने असा "कर" तीनदा भरला. जिंकलेले पैसे तर कधी नव्हतेच. असं झालं असेल तर तक्रारदार तुम्ही आहात: ताबडतोब १९३० ला फोन, किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर नोंद. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यात.

टप्पा ७: खातं खुलं झाल्यावर

दहा रुपये पाठवून बघा. मग शाखेतून निर्बंध उठल्याचं लेखी किंवा ईमेल घ्या, आणि उताऱ्यात लीनची रक्कम शून्य दिसते का ते पाहा. पोलिसांचं पत्र बँकेत पोहोचलं, पण शाखेने नोंद काढलीच नाही, असंही घडतं. केवायसीत धंदा आणि उत्पन्न आजचं लिहा. विद्यार्थी असताना उघडलेल्या खात्यात आज केळीची पट्टी येत असेल, तर "शेतकरी" लिहून या.

रात्री अजूनही हात ॲपकडे जात असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

सगळे कागद एका फायलीत बांधून कपाटात ठेवा. त्याच ॲपवरून आलेल्या दुसऱ्या एखाद्या जमेवर, दुसऱ्या राज्यातून, काही महिन्यांनी नवा लीन येऊ शकतो. अमळनेरच्या एकाला तसा आला. त्याने तक्ता काढला, नोंद शोधली, जुन्याच ईमेलमधला पोच क्रमांक बदलला आणि त्याच दुपारी पाठवून दिला.